ऊन आमचं, डी तिचं

१५ नोव्हेंबर, शनि.

रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी नऊ. निदान तीस तरी हवं म्हणे. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "कोल्हापुरात राहून नऊ? मॅडम, तळघरात राहता काय?" म्हटलं, राजारामपुरीत अकाउंट्सचे क्लास घेते. सकाळी अंधारात जाते, अंधार पडल्यावर येते. "मग तेच की." थंडीभर आठवड्याला एक कॅप्सूल, जेवणाबरोबर. आणि ऊन खा. बॅच सोडून ऊन खाते आता.

घरी आले तर आई गॅलरीत. शेजारच्या काकूंना ओरडून सांगत होती, "आमच्या मंजूचं डी चौतीस आलंय! झ्याक!" आमची मंजू, माझी धाकटी बहीण, स्वीडनला असते. तिथे दुपारी तीनला दिवे लावतात. तिचं चौतीस, माझं नऊ. आईचा थाट असा की जणू मंजू बोर्डात आली.

माझा कागद पर्समध्येच राहिला. विचारेल तेव्हा दाखवीन. बघू कधी विचारते.

१६ नोव्हें., रवि.

पहिली कॅप्सूल. औषधवाला ओळखीचा, हळूच म्हणाला, "वहिनी, ह्याचं कवच जनावराच्या हाडाकातड्यापासनं करतात. तुम्ही जैन न्हवं? पुडी देऊ काय, दुधातनं घ्यायची?" दूध मला लहानपणापासून उलटतं. माझा नवरा अजित दूधकट्ट्यावर म्हशीच्या शेजारी उभा राहून धारोष्ण ग्लास रिचवतो, मी रस्त्याच्या पलीकडे थांबते. कोल्हापुरात अशी बहुतेक मीच एकटी. तेव्हा कॅप्सूलच.

आईला कळता कामा नये. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय ती तो घरात घेत नाही. कॅप्सूलची पट्टी तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली ठेवली.

२० नोव्हें., गुरु.

आज बॅच लवकर सुटली. घरी आले तर आई जेवायला बसलेली. तिचं जन्मभर सूर्यास्ताच्या आत. समोर तांब्याला टेकवलेला फोन, फोनमध्ये मंजू, मंजूच्या हातात डबा. आईचं रात्रीचं जेवण आणि मंजूची दुपारची सुट्टी बरोबर एका वेळी येतात. रोज दोघी एकत्र जेवतात! शिरोळचं घर पुरात गेल्यापासून आई माझ्याकडे आहे, एका छपराखाली. मी क्लासवरून येते तेव्हा ती माळ ओढत असते आणि माझं ताट ओट्यावर झाकलेलं असतं. मेसमधल्या पोरासारखं.

"अक्का आली वाटतं," मंजू फोनमधून म्हणाली. आई म्हणाली, "व्हय, आली. तू खा की. भाजी कसली आणलीस?"

आईला स्टॉकहोमचा सूर्यास्त पाठ आहे. माझी बॅच किती वाजता सुटते ते विचारा.

२३ नोव्हें., रवि.

दुसरी गोळी. दुपारभर पेपर तपासले. ऊन उतरायला लागलं तशी गच्चीवरून हाक. "रेखेऽ, वर ये की गं! ऊन हाय तवर ये!"

वर काय ते ठाऊक आहे. मंजूसाठी आवळे वाळत घातलेत, ते उचलायचे. "आले, आले" म्हटलं आणि गेले नाही. तिसऱ्या हाकेला अजितला पाठवला. तो जिन्यातून शेजाऱ्याशी गप्पा मारून परत आला.

रात्री झाकलेलं ताट उघडलं तर भाकरी गार, वातड. घरातच होते मी. दोन पावलांवर. वाढताना एक हाक खालीच मारली असती तर?

२९ नोव्हें., शनि.

मंजूनं आता विषय काढलाय. मेमध्ये आईनं तिकडे यावं, उन्हाळाभर राहावं. तिकीट ती काढणार. तिथे म्हणे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत सूर्य. आई म्हणाली, "आगं, मग मी जेवायचं कवा?" दोघी इतक्या हसल्या की आईला ठसका लागला. मी दारात उभी.

जाणार का, असं नंतर विचारलं. "बघू," एवढंच.

जाऊ दे. मलाही सुटल्यासारखं होईल.

खोटं. जाऊ नये.

५ डिसेंबर, शुक्र.

पट्टी गठ्ठ्याखाली उलटी सापडली. मीच ठेवली असेन घाईत.

शिरोळची आठवण आली आज, उगीच. मंजू गोरी, म्हणून तिला उन्हात सोडायचं नाही. वडिलांची भाकरी घेऊन उसाच्या बांधावरून मी जायचे, टाळू तापेपर्यंत. मंजू सोप्यात बसून बाहुलीला साडी नेसवायची. इतकं ऊन माझ्या नावावर जमा, आणि शिल्लक तिच्या खात्यावर. विद्यार्थ्यानं असा ताळेबंद मांडला तर मी शून्य मार्क देईन.

मंजू थेंब घेते डीचे. शाकाहारी. "शोधून शोधून मिळवले पोरीनं," आई सगळ्यांना सांगते.

७ डिसें., रवि.

फार वाईट बोलले. वरून हाका चालू होत्या. शेवटी जिन्यात जाऊन ओरडले, "आवळे उचलायला मंजूलाच बोलव की!"  मग ती सावकाश खाली आली. हातात काय होतं ते बघितलंसुद्धा नाही, खोलीत निघून गेले.

रात्री ताट उघडलं. झाकणीला बाहेरून आवळ्याचा तुकडा चिकटलेला. जिथे तिथे मंजूचे आवळे. गोळी तशीच रागात गिळली.

८ डिसें., सोम.

आईचा उपास. आज तिथी नाही, काही नाही. कशाचा, विचारलं तर "आसू दे," म्हणाली. मंजूची नोकरी कायम व्हायची आहे, त्यासाठी असणार. बाहत्तर वर्षांच्या बाईनं पाण्यावर राहायचं, आणि ती तिकडे डबा खाणार.

कालचं बोलणं तिनं काढलं नाही. मीही नाही.

१५ डिसें., सोम.

परत उपास. अजित म्हणाला, "तुझ्या आईला विचार तरी नीट." म्हटलं, मंजूला विचारेन, तिलाच सगळं ठाऊक असतं. तो म्हणाला, "जळकी हायस बघ तू." आहे. उघड आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी बहिणीवर जळते आणि क्लासमध्ये पोरांना समजूतदारपणा शिकवते.

अंगदुखी थोडी कमी वाटतेय. कुणाला सांगू?

१८ डिसें., गुरु.

आवळ्याचं पार्सल गेलं एकदाचं. आईनं डब्याला फडकं शिवलं, वर मंजूचं नाव घातलं. सुईत दोरा मी ओवून दिला.

रविवारी मंजूला तिकिटाचं पक्कं सांगायचं आहे. आईचं अजून "बघू"च.

२१ डिसें., रवि.



अजित गावाला गेलेला. वरून हाक. "रेखे, वर ये की! ऊन चाललं बघ!" पाठवायला कुणी नव्हतं. धुसफुसत जिना चढले. अर्ध्यात आठवलं, आवळे तर गुरुवारीच गेले. मग उचलायचं काय?

टाकीच्या बाजूला उन्हाचा पट्टा, त्यात चटई. चटईवर दोन ताटं, झाकलेली. फोन कठड्याला टेकवलेला, अजून बंद.

"हे काय?"

"जेवण. दुसरं काय असतंय ताटात?"

"दोन?"

"दर रविवारी दोन आणतो मी. तू येत न्हाईस. मग एक खाली नेऊन ठेवतो."

बसले. भाकरी गरम होती. मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी. खात राहिले. पाठीवर ऊन होतं.

चार घास झाल्यावर आईनं पदराची गाठ सोडली आणि पट्टी काढली. माझीच.

"आज रविवार न्हवं? जेवणाबरोबर घ्यायची असती."

"तुला कुणी सांगितलं?"

"मंजूला दावली फोनवर. कशाला असती, कवा घ्यायची, वरचं कवच कशाचं, समदं सांगितलं तिनं."

घास कडू झाला. महिनाभर मी वाट बघितली की हिनं मला विचारावं, आणि हिनं विचारलं ते मंजूला! उठून जावंसं वाटलं. पण ताट अर्धं होतं, आणि ती पट्टीतली गोळी काढून माझ्या हातावर ठेवत होती. दोन बोटांनी, टोकाला धरून.

"कवच कशाचं ते कळूनही देतेस?"

"हाडं दुखत्यात न्हवं तुझी? घे. मी तिकडं तोंड करतो."

आणि खरंच मावळतीकडे वळून बसली, डोक्यावर पदर घेऊन.

"म्हणून सोमवारचे उपास?" मी विचारलं.

"जनावराचं घरात आलंय न्हवं ते. तू घेतलीस की मी दुसऱ्या दिवशी धरतो. आसू दे. तुझं डी भरंस्तोवर धरीन."

तेवढ्यात फोन वाजला. मंजू. आज ती तिकिटाचं विचारणार, दोघींनाही ठाऊक होतं. माझा हात कठड्याकडे गेला.

आईनं मान वळवली नाही. "वाजू दे. तू आधी गीळ."

गोळी जिभेवर, तांब्या हातात. फोन वाजत होता.

"गिळलीस काय?"

गिळली नव्हती. मुद्दाम.