मालिकेत मारलेली सून

पोहांग, २४ सप्टेंबर १९९४

चि. उन-जो हिस अ. उ. आ.

सणाला आली नाहीस म्हणून रुसणार होते, पण रविवारी टीव्हीवर तुला धाकट्या सुनेच्या वेषात पाहिलं आणि राग गिळला. आधी ऐतिहासिक मालिकांत प्रेत होऊन पडायचीस, मग दासी झालीस, मग सोया सॉसच्या जाहिरातीत नुसता तुझा हात. आणि आता अख्खी मालिका तुझ्यावर! बाजारात बायका मला नावाने हाक मारायच्या बंद झाल्यात, ‘सुनेची बहीण’ म्हणतात. तुझे भावजी म्हणतात, आता सुकी मासळी चढ्या भावाने विकू.

तू पाठवलेली बरगडीच्या मांसाची पेटी पोचली. बाबांनी ती आधी आईच्या तसबिरीपुढे ठेवली, मग शेजाऱ्यांना बोलावून भाजून खाऊ घातली. प्रत्येक घासाला तुझं नाव. पण एवढा खर्च करत जाऊ नकोस गं. आणि तू जेवतेस ना? पडद्यावर गाल बसलेले दिसतात.

इकडची माया आहेच, तुझीही आमच्यावर राहू दे.

तुझी ताई,
क्योंग-ना

सोल, २९ सप्टेंबर १९९४

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

पेटी मी पाठवलेली नाही. तुझं पत्र वाचून मला उलटी झाली.

ती बिस्किट कंपनीच्या अध्यक्षांची. मालिकेचा पैसा त्यांचा. माझा मॅनेजर बांग मला त्यांच्या जेवणावळींना नेतो. बाबांपेक्षा वयाने मोठ्या पुरुषांच्या पेल्यांत मी दारू ओतते. अध्यक्ष स्वतःच्या बोटांनी माझ्या तोंडात कालव कोंबतात आणि बोटं माझ्याच बाहीला पुसतात. मेजाखाली त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर असतो. बांगला ते दिसतं. तो भाजलेला लसूण चघळत बसतो आणि परतताना गाडीत मला सांगतो की आज तू नीट हसली नाहीस. घरी येऊन मी दात घासते, पुन्हा घासते, तरी ती चव जात नाही.

आता अध्यक्षांनी मला चेजू बेटावरच्या हॉटेलात ‘विश्रांतीला’ बोलावलंय. मी नाही म्हटलं. तेव्हा बांग हसून म्हणाला, घरची माणसं तर त्यांचं मीठ खाऊन बसलीत. त्याचा अर्थ आज कळला.

मी जाणार नाही, ताई. मालिका गेली तरी बेहत्तर. बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उन-जो

पोहांग, २१ नोव्हेंबर १९९४

चि. उन-जो हिस अ. उ. आ.

काल त्यांनी तुला मारलं. म्हणे मोटार अपघात. तू कुठे दिसलीच नाहीस. काळी फीत लावलेला तुझा फोटो, आणि त्यापुढे सासू गळा काढून रडतेय. बाबा ताडकन उठले. म्हणाले, बायकोची तसबीर अशी पाहिली, आता जित्या पोरीचीही पाहायची का? त्यांनी टीव्ही बंद केला. मग मला राहवलं नाही, मी सगळं सांगून टाकलं.

ते मागच्या अंगणात जाऊन घशात बोटं घालत होते. दोन महिन्यांपूर्वी खाल्लेलं आता कुठून पडणार! परत आले ते मला विचारतात, ती पहिल्यांदा गेलीच कशाला? उन-जो, त्या मांसापेक्षा मला या प्रश्नाची जास्त शिसारी आली. मी तसं तोंडावर सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

पेपरात छापलंय की तू दारू पिऊन सेटवर यायचीस. त्या कागदात मी मासळी बांधते.

मन घट्ट कर. आमच्या मायेत खोट नाही.

तुझी ताई

सोल, ८ मार्च १९९८

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

बालनाट्यात ससा होऊन उड्या मारल्या, छोट्या नाट्यगृहांत म्हाताऱ्या केल्या, तेव्हा कुठे गेल्या वर्षीच्या त्या एका चित्रपटातल्या आईच्या भूमिकेमुळे लोकांची नजर माझ्याकडे वळली. मेमध्ये मुख्य भूमिकेचं चित्रीकरण सुरू व्हायचं होतं. ‘होतं’ का म्हणते, ते वाच.

माझ्यानंतर बांगने ता-मी नावाची मुलगी आणली होती. ती चेजूला गेली. तिला नेलं, असंच म्हणायला हवं. परवा ती माझ्याकडे आली. तिला भाताचा वासही सोसत नाही. ती पोलिसांत जाणार आहे, पण एकटीचं कोण ऐकणार? माझ्याशी जे झालं ते मी सांगावं, एवढंच तिचं मागणं. तिच्या बापाने तिला घराचं दार बंद केलंय.

मी हो म्हटलं. चित्रपटाच्या निर्मात्याला मीच आपणहून कळवलं. तो गोड आवाजात म्हणाला, चित्रपट लागू दे, मग काय बोलायचं ते बोल. मी ऐकलं नाही. काल त्याने दुसरी नटी घेतली.

मंगळवारी, सतरा तारखेला जबाब आहे. पेपरवाले फोटोसकट छापतील. बाबांना आधी तुझ्या तोंडून कळू दे.

तुझ्या मायेवरच उभी आहे.

उन-जो

पोहांग, १२ मार्च १९९८

चि. उन-जो हिस अ. उ. आ.

बाबांना सांगितलं. मला वाटलं, पुन्हा तोच प्रश्न येणार. मी उत्तर दातांखाली धरूनच उभी होते. त्यांनी विचारलं, त्या ता-मीबरोबर तिच्या घरचं कोण येणार? मी म्हटलं, कोणी नाही.

ते न्हाव्याकडे जाऊन आले. एकुलता एक सूट इस्त्रीला दिला. म्हणतात, मी त्या पोरीशेजारी बसेन; तिच्या बाजूने कोणीतरी वडीलधारं माणूस नको का? तुझ्याशी काय बोलायचं, ते मात्र त्यांना अजून सुचलेलं नाही.

सोमवारच्या बसने आम्ही दोघं निघतोय. घ्यायला ये. आणि त्यांना काही विचारू नकोस, नुसती पिशवी हातातून घे.

बाकी भेटीत. माया आहेच.

तुझी ताई,
क्योंग-ना