चढावर जाणारं पाणी

१३ मार्च २००६, शॉमबर्ग
आजपासून रोज लिहायचं. आणि राग सोडायचा. दोन्ही सहज जमेल.
नव्या हॉस्पिटलच्या ड्रेनेजचं डिझाइन बॉसनं मला दिलं. नीट पार पडलं तर कंपनी माझे ग्रीन कार्डचे पेपर फाइल करणार. व्हिसाचं शेवटचं वर्ष आहे. बायकोला, शुभाला, म्हटलं, झालंच समज.

३ एप्रिल
पाइपांच्या लेव्हल्स, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, एका दिवसात काढल्या. आधी फूट, मग टिंब, मग इंच. वरचं टोक ७११.११, खालचं ७११.८. अकरा इंचांवरून आठवर. म्हणजे तीन इंच उतार. आपल्याकडे स्थळाच्या बायोडेटात उंची ५.११ लिहितात, तेव्हा कुणी मुलाला बुटका समजतं का?

५ एप्रिल
माझी ड्रॉइंग्ज तपासायला नागपूरचा रवींद्र बसवलाय. दहा वर्षांनी लहान. म्हणाला, इथं टिंबानंतर इंच नसतात, फुटाचा दहावा भाग असतो. तुमचं पाणी चढावर जाईल, काका.
काका! मी बेचाळीसचा आहे. फक्त स्टेपलर फेकला. कपाळाला तीन टाके. खरं तर नेम खांद्यावर होता. उद्यापासून राग बंद.

६ एप्रिल
रवींद्रनं ऑफिसात सांगितलं, कपाटाचा कोपरा लागला. माझं नाव घेतलं नाही म्हणजे चूक त्याचीच. ड्रॉइंग्ज त्याला न दाखवता पुढे पाठवली.

२२ जून
कॉन्ट्रॅक्टरचा फोन. पाइप उलटा चढतोय, असाच टाकू का? म्हटलं, ड्रॉइंग वाच. समोर असता तर गळाच धरला असता. पण आवरलं. फक्त फोन भिंतीवर आपटला. नवा घ्यावा लागेल.

१७ जुलै, दुपारी ४
तुफान वादळ. बॉस आणि कॉन्ट्रॅक्टरबरोबर साइटवर होतो. बॉसला म्हटलं, आता गंमत बघा.
पाणी हॉस्पिटलमागच्या तळ्याकडे जायचं सोडून इमर्जन्सीच्या दारात शिरलं. मॅनहोलचं लोखंडी झाकण उडालं ते बॉसच्या गाडीची काच फोडून सीटवर जाऊन बसलं. कॉन्ट्रॅक्टर हसला. त्याला ठोसा दिला. त्यानं एकच परत दिला. माझे दोन दात गेले. भ्याड माणूस.

१८ जुलै
नोकरी गेली. ग्रीन कार्डचा प्रश्नच मिटला. महिनाअखेर परत जायचं.
शुभाला म्हटलं, रवींद्रनं मला नीट समजावलंच नाही.
ती म्हणाली, टाके पडले त्याच संध्याकाळी तो घरी आला होता. तू बाहेर होतास. तासभर बसून मला टिंबाची भानगड समजावून गेला. म्हणाला, वहिनी, तुमचं तरी ऐकतील.
विचारलं, मग सांगितलं का नाहीस?
म्हणाली, त्याच रात्री सांगायला आले होते. तू प्रिंटरला लाथा घालत होतास. मी परत फिरले.
हे सगळं ती दारात उभी राहून बोलली. आत आली नाही.