परकराची नाडी

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो, हे आधी वाच आणि मग खाली बस. खोली उजेडाची आहे, नळाला पाणी आहे. अक्षर वाकडं आलंय ते टेबल डुगडुगतंय म्हणून. तुझे गुडघे कसे आहेत?

आता रागावू नकोस. ठमी मांजरीच्या पिंजऱ्याचं दार तू परकराच्या नाडीने बांधून दिलं होतंस ना, ती नाडी मी गाडीत बसल्या बसल्या सोडली. ड्रायव्हरकाका हसतील, याची लाज वाटली. कडी आहे की, म्हटलं. पिंजऱ्याला पट्टाही लावला नाही, पुढच्या सीटवर मांडीवरच घेतला.

उतारावर काकांनी गाडी गर्रकन वळवली. पिंजरा खाली आपटला, कडी निघाली आणि ठमी थेट त्यांच्या पायांत, ब्रेकखाली शिरली.

"अहो ताई, ब्रेक दाबला जात नाहीये!"

समोर ट्रक होता. हाताला लागेल ते धरून मी तिला ओढलं, तेव्हा कुठे गाडी थांबली. मध्ये दोन वीत अंतर उरलं असेल.

काका हसले नाहीत गं. त्यांनीच नाडी मागून घेतली आणि तीन गाठी मारल्या.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

इथे येऊन दोन तास झाले. दार-खिडक्या तीनदा तपासल्या. ठमी आत ओरडून दमलीय, पण त्या गाठी सोडायचा मला धीर होत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. टेबल चांगलं भक्कम आहे. हलतोय तो माझा हात.