पेवातल्या गावाची बोली

कुरुंदा, फाल्गुन १९४१. सोमवार

गाडीत मूठभर कडबासुद्धा टाकला न्हाई नातजावयानं, तातेरावानं. जवळा बाजारापासून इथवर कंबरेचा खुळखुळा झाला. हे आधी लिहिते, बाकीचं मग.

बाकी झ्याक. नात मनकर्णा दारातच गळ्यात पडली. हळद शिजून राहिली, अंगण सगळं पिवळं. म्हणाली, आजे, आता इथंच राहायचं. मी म्हणलं, चहा बरा असला तर राहीन.

बुधवार

तिची आई गेली तवा लहानगी मनकर्णा घास घेत न्हवती. तिला भरवायला मी जमिनीखालचं एक गाव रचलं, अन् त्या गावची बोलीबी. भाकर म्हंजे लुमी, ये म्हंजे झेपा. आमा दोघींबिगर ती कुणाला येत न्हाई. आज गमतीनं लुमी मागितली, तर पोरगी हसली न्हाई. पाळण्यात तिचं लेकरू तापलेलं, आधीची दोन गेलेली. म्हणून असंल.

शुक्रवार

परसातलं पेव उघडलं. ज्वारी साठवायचा भुईतला खड्डा तो. आतली हवा वाईट. माणूस उतरला की वरून हाका मारायच्या, त्यानं ओ देत राहायची. ओ थांबली की दोर ओढायचा. तातेराव ज्वारी काढून वर आला, दोर गुंडाळला. मग खालून हाक आली.

झेपा.

खाली कोण राहिलं, विचारलं. तातेराव म्हणाला, आजीबाई, कान धुऊन घ्या. मनकर्णा पीठ मळत होती. तिनं मान वर केली न्हाई.

रविवार

भरदुपारी पुन्हा हाक. पेवातले आता लांबलचक बोलतात. मी कधी केलेच न्हाईत असे शब्द, तरी समदे कळतात. त्यांना माणूस पाहिजे. जो ओ देईल तो त्यांचा.

पेवाच्या तोंडाशी वाकून मनकर्णा त्याच बोलीत सांगत होती — लेकरू सोडा, जिनं तुमाला रचलं तिलाच आणलंय.

ह्याच्यासाठी गाडी पाठवली व्हय!

मंगळवार

लेकराचा ताप उतरला. मनकर्णानं पुरणाच्या पोळ्या केल्या, वर वाटीभर तूप. मी शिवले न्हाई. तोंडावर विचारलं, काहून केलंस? रडली न्हाई. म्हणाली, आजे, तुझं खाऊन-पिऊन झालं. ह्याला अजून दातबी आले न्हाईत.

जाताना बाहेरून कडी —

बुधवार

चुलीखालून झेपा. जात्याखालून. तोंडात पदर कोंबलाय, तरी ओ घशातून वर येऊन राहिली —

घास मी भरवले तुला, मी —

मनकर्णे, तोंड उघडता येत न्हाई म्हणून लिहिते, सौदा तुझा. ओ तूच द्यायची. लेकरानं न्हाई, तातेरावानं न्हाई, मी तर मुळीच न्हाई. ऐकलंस का? तूच दे, तू