मिरीचा सॉस आणि वाटीभर कूट

३ नोव्हेंबर २०१७, शुक्रवार

एक पातेलं मिरीचा सॉस. खरा खर्च असा — कोंबडीची हाडं पाच किलो, शेगडी सहा तास, साय, लोणी, अर्धी बाटली ब्रँडी (तीही पेटवून दिली! प्यायची वस्तू!) आणि बायकोचा, मंदाकिनीचा, आठ दिवसांचा अबोला. एवढं सगळं आटून उरलं काय? गॅरेजसमोर साचतं तसलं पाणी. रंगही तोच.

नीरजा म्हणते, "बाबा, हा सॉस असाच सैल असतो." असेल. गोव्याच्या हॉटेलात तीन वर्षं राबून शिकून आलीय पोरगी. आजपासून आमच्या 'मुक्ताई'च्या गच्चीवर शुक्रवार-शनिवार-रविवार स्टेक. खाली नेहमीचं मटण-भाकरी, वर तिचं हे. डिसेंबरअखेर गच्ची चालली तर ती पुण्यात राहणार. नाही तर परत गोवा — तिथले लोक बोलावतायतच. एकुलती एक आहे. गच्ची मी स्टेकला दिलेली नाही. ती डोळ्यांसमोर राहावी म्हणून दिली.

मांस म्हशीचं, कॅम्पातून येतं. मंदाकिनीची अट — शेगडी वेगळी, भांडी वेगळी, घासणारी बाईसुद्धा वेगळी. मी ते खात नाही. सॉस मात्र पाचही चाखले. भाकरीशी.

४ नोव्हेंबर

शिसारी आली. लिहून टाकतो म्हणजे पोटातून जाईल.

निळ्या चीजचा सॉस. निळं म्हणजे काय? बुरशी! भाकरीला धरली तर आपण ती म्हशीपुढेसुद्धा टाकत नाही. इथे म्हशीच्याच उरावर ओततात. वास — ओल्या पायमोज्यांचा. एका माणसाने बोट फिरवून वाटी पुसली, बोट चाटलं, आणि डोळे मिटले. मी तोंड फिरवलं.

मशरूमचा — गोगलगाय गिळल्यासारखं. हिरवा एक आहे, त्याचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. कोथिंबिरीची चटणी, पण मिरचीशी भांडण झालेली. लसूण-लोण्याचा बरा. त्याला सॉस कशाला म्हणायचं, तो तर पावाला लावायचा.

आणि मिरीचा. सदाशिव पेठेतले एक आजोबा नातवाबरोबर आले होते. चमच्याने सॉस वर उचलला, परत वाटीत सोडला, पुन्हा उचलला. मग नीरजाला अगदी अदबीने म्हणाले, "बाई, हे वरून ओतून घ्यायचं, की यात हात धुवायचे?"

पोरगी हसली. पण मी कान पाहिले तिचे. लहानपणापासून तसंच — तोंड हसतं, कान लाल होतात.

५ नोव्हेंबर

केलं! ती खाली फोनवर होती तेवढ्यात वाटीभर दाण्याचा कूट मिरीच्या पातेल्यात सोडला. अगदी मैद्यासारखा बारीक. दोन उकळ्या. काय अंग धरलं सॉसने!

मार्केट यार्डात पोती वाहिली, मग हातगाडी, मग खानावळ, मग हे हॉटेल. एवढ्या वर्षांत रस्सा सैल झाला की हात आपोआप कुटाच्या डब्याकडे जातो. आमच्याकडे कूट हा काही जिन्नस नाही. भाजीत काय काय घातलं असं विचारलं तर बाई तेल सांगेल, तिखट सांगेल, गूळसुद्धा सांगेल. कूट सांगणार नाही. तो असतोच.

नीरजाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पातेलं ओतून दिलं असतं तिने. स्वभाव माझाच.

१२ नोव्हेंबर

सगळी टेबलं भरली. मिरीचा सॉस दोनदा करावा लागला. एक आयटीतला पोरगा म्हणाला, "वेगळाच टेक्श्चर आहे, यू नो?" आय नो बाळा, आय नो.

नीरजाने नवीन मेनूकार्डं छापून आणली. कागद जाड आहे, चांगला. मी वर गल्ल्यावर बसून नुसतं ऐकतो. कोण चावतंय, कोण ढकलतंय, कुणाचं भांडण झालंय, सगळं कानाला कळतं. आणि नाकाला! डोळे झाकून सांगतो, कुठल्या टेबलावर कुठला सॉस गेला. भैरूला — वीस वर्षं वाढतोय माझ्याकडे — म्हटलं, लाव पैज. म्हणाला, "शेठ, तुमच्याशी पैज कोण लावणार?"

१७ नोव्हेंबर

निळ्याचा वास आता शर्टाला येतो. मंदाकिनीने माझे कपडे वेगळे भिजवले.  बादलीसुद्धा पायाने सरकवली.

१८ नोव्हेंबर, शनिवार



गच्ची भरलेली. सहा नंबरवर पलीकडच्या गल्लीतल्या जोगळेकर बाई आणि त्यांचे मिस्टर. ताट आलं, वर तपकिरी सॉस ओतलेला. बाईंनी काटा उचलला आणि भैरूला विचारलं, "दादा, यात दाणे नाहीत ना? मला दाणे अजिबात चालत नाहीत हं. मागे घसा सुजला, श्वास बंद झाला होता, आठ दिवस दवाखान्यात होते."

भैरू म्हणाला, "छे हो बाई. इंग्लिश सॉस. दाणे कुठले त्यात!"

हे मी चार टेबलं सोडून ऐकलं. उठलो कधी, पोचलो कधी, आठवत नाही. ताट त्यांच्या हातांखालून ओढलं. काटा खाली पडला. सगळी गच्ची बघायला लागली. बाई म्हणाल्या, "अहो, काय झालं?"

काय झालं ते सांगायचं होतं. दोन शब्द होते. कूट आहे. पण नीरजा किचनच्या दारात उभी राहून बघत होती. आणि माझ्या तोंडून निघालं —

"झुरळ. झुरळ पडलंय सॉसमध्ये."

मी! माझ्या हॉटेलात! माझ्या तोंडाने!

एकाने घास रुमालात थुंकला. खुर्च्या सरकल्या. कोपऱ्यातून एक आवाज आला, "मालक, झुरळाचे वेगळे लावणार, की तेही सॉसमध्येच धरलंय?" हसले सगळे. हसत हसत जिना उतरले.

नीरजा दारातच. कान लाल.

१९ नोव्हेंबर

आज वर एकही टेबल नाही. कुणीतरी फोनवर लिहिलंय, लोक ते एकमेकांना पाठवतायत.

नीरजाने सकाळपासून किचन धुतलं. उकळत्या पाण्याने, दोनदा. फळ्या उतरवल्या, शेगडी ओढली. मग पोटावर झोपून शेगडीमागच्या फटीत डोकं घातलं. "बाबा, बॅटरी धरा ना जरा इकडे. कुठून आलं असेल ओ? मी तर रोज पुसते."

धरली मी बॅटरी. तासभर. जे झुरळ कुठेच नाही ते माझी पोरगी शोधत होती आणि मी तिला उजेड दाखवत होतो.

निळ्या चीजला उगीच नावं ठेवली. याच्यापुढे ते अत्तर.

२० नोव्हेंबर

भिंतीपलीकडून ऐकलं. "हो सर. एक तारखेपासून येते. नाही, घरचं काही नाही, मीच कमी पडले."

मंदाकिनी म्हणाली, "अहो, बोला ना पोरीशी काहीतरी. झुरळ काय, कुणाच्याही हॉटेलात निघतं."

जेवलो नाही.

२१ नोव्हेंबर

सांगितलं. चहा तसाच ठेवून, उभ्याउभ्या. कूट मी घातला, झुरळ नव्हतं, बाईंचा जीव गेला असता म्हणून ताट ओढलं, तुझ्यासमोर कबूल करायला जीभ वळली नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कूट मला पहिल्याच दिवशी कळला होता, बाबा. तुमच्याच रश्श्यावर वाढलेय मी. लोकांना आवडला म्हणून राहू दिला. कार्डावर छापलासुद्धा."

कार्ड आणून दाखवलं. मिरीच्या सॉसखाली बारीक इंग्रजी अक्षरं. यात शेंगदाणे आहेत, असं लिहिलंय म्हणाली. मी कार्डाचा नुसता कागद बघितला होता!

"मी वाट बघत होते," म्हणाली. "आपणहून सांगाल म्हणून."

म्हटलं, आता सांगितलं ना. गोव्याला फोन कर, येत नाही म्हण. गच्चीवर उभा राहून मी सगळ्यांना सांगतो खरं काय ते.

"तुम्ही सांगालही. पण मी जातेय. झुरळ म्हणालात, ते गडबडीत गेलं तोंडातून, समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर पडून शोधत होते, बाबा. तासभर. आणि तुम्ही बॅटरी धरलीत."



१ डिसेंबर, शुक्रवार

नीरजाला स्वारगेटला बसमध्ये बसवलं. मंदाकिनी तिथेच रडली, मी घरी येईपर्यंत थांबलो.

२ डिसेंबर

जोगळेकर बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. सगळं खरं सांगितलं, कुटासकट. म्हटलं, तुमच्या जिवावर बेतलं असतं.

बाई म्हणाल्या, "छे हो. कार्डावर वाचलं होतं ना मी. म्हणून तर मशरूमचा मागवला होता."