ओटीतला नारळ

अण्णा,

काल शाळेतल्या बाकीच्या मॅडम-सरांबरोबर बेळगावात एक जुना इंग्रजी सिनेमा बघितला. त्यातली नटी मारकुट्या नवऱ्याला जिन्यात गोळी घालते आणि शांत उभी ऱ्हाते. नंतर चर्चा झाली. एक सर म्हणाले, "नटीला कामच जमलं नाही. खून करून कुठली बाई अशी शांत राहील?" शेजारची मॅडम म्हणाली, "आधीच माहेरी का गेली न्हाय ती?"

मी गेलते की रं माहेरी. दात पडला तवा, हात मोडला तवा. दर खेपेला वहिनीनं ओटी भरली आणि तू मला संकेश्वरला सासरी परत आणून सोडलंस.

आज सिनेमाला का गेलीस म्हणून ह्यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं. फळीवर तुमच्या ओटीतला नारळ होता. तो ह्यांच्या कपाळात घातला. ते पडले, तरी मी घालतच ऱ्हायले. नारळ फुटला न्हाय.

नटीनं काम चोख केलं होतं, अण्णा. माझाबी हात कापत न्हाय.

हे पत्र टाकणार न्हाय. पोलिसांना फोन केलाय. या खेपेला मला पोचवायला तू लागणार न्हाईस.

तुझी,
रचना