ताईचं लायसन्स

ता. ३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचं आहे तसंच आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तीनदा पहाटे साडेपाचला गाडी काढणं, चाळीस किलोमीटर जाणं, तिच्या खुर्चीशेजारी चार तास गिऱ्हाइकांच्या कपड्यांना काजं-बटणं करत बसणं आणि परत येणं.

परवा परत येताना पुलाजवळ पोलिसाने लायसन्स मागितलं. मी ऐटीत काढून दिलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, हे संपून चौदा महिने झाले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. शेवटी शेजारच्या मास्तरांनी येऊन गाडी घरी आणली.

आरटीओ ऑफिसातल्या बाई म्हणतात की लायसन्स संपल्याची नोटीस घरी पाठवली होती. मला तर कागदाचा कपटाही मिळाला नाही. वर्षाच्या आत गेले असते तर सही-शिक्क्यावर भागलं असतं. आता सगळं पहिल्यापासून: शिकाऊ लायसन्स, मग महिन्याने टेस्ट. एकवीस वर्षं गाडी चालवून मी शिकाऊ! मास्तरांची शाळा सकाळची, म्हणून तोवर भाड्याची गाडी ठरवली आहे. गाडीवाला भला वाटतो, पण माझं मन थाऱ्यावर नाही. एक फेरी चुकली तर आईच्या अंगात पाणी साठतं, दोन चुकल्या तर धाप लागते. पुढचं डॉक्टर बोलत नाहीत.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग हसल्याची लाज वाटली. तू पहिल्यांदा गाडी शिकत होतीस तेव्हा आई शेजारी डोळे गच्च मिटून बसायची आणि विचारलं की झोप आली म्हणायची, आठवतं? आता मास्तरांना बसव. त्यांना तरी खरंच झोप येईल.

मी धावत आले असते, पण शाळेत परीक्षा सुरू आहेत आणि रजा मिळत नाही. शिवाय मला सायकलसुद्धा धड येत नाही. सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात आहे, हे मला रोज खातं. टेस्ट होईपर्यंत धीर सोडू नकोस. आईला साष्टांग नमस्कार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

ता. १२ मार्च

चि. धाकटीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

ताई शिकाऊ लायसन्सच्या रांगेत उभी आहे, तोवर लिहून घेते. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. शाळेत पोरांचं वाचतेसच की.

ती नोटीस आली होती. मीच घेतली आणि माझ्या एक्स-रेच्या पाकिटात घातली. वाटलं, लायसन्स संपलं की हिची गाडी थांबेल. पण चौदा महिने एकाही पोलिसाला तिला हटकावंसं वाटलं नाही! माझ्या नशिबात वेळेवर काही नाहीच.

मी थकले गं. सुया टोचून हाताची चाळण झाली आहे. आता नको, असं एकदा तोंडाने सांगून पाहिलं, तर ती दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गाडीची किल्ली घेऊन दारात उभी. गेल्या वर्षी परगावच्या शिवणवर्गाची नोकरी चालून आली होती, तीही माझ्या फेऱ्यांपायी सोडली. भाड्याच्या गाडीला नको म्हणता येतं, पोटच्या पोरीला येत नाही.

ताईला यातलं अक्षरही कळवू नकोस. तुझ्यावर ओझं टाकते आहे हे मला कळतं. सांभाळून राहा.

तुझी,
आई

ता. १४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल टेस्टमध्ये नापास झाले. गाडी मागे घेताना खांबाला लागली. इन्स्पेक्टर तुझ्या विद्यार्थ्यांइतका लहान. म्हणाला, काकू, सराव करा. सराव! त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला ओळखतो. पण काल सगळं लक्ष घरी आईकडे होतं, कारण गाडीवाला पुन्हा आला नाही. दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा. जाब विचारला तर नुसती मान खाली घालतो. चोर मेला!

आईचे पाय सुजलेत. बसूनच झोपते. न राहवून मी तशीच किल्ली उचलली, तर ती दारात आडवी बसली. कायदा मोडून मिळालेलं आयुष्य नको म्हणाली. आता मी रोज मास्तरांना घेऊन मैदानावर खांब रोवून गाडी मागे घ्यायला शिकते आहे. पुढची टेस्ट सत्तावीसला आहे. तूच तिला लिही. माझं ऐकत नाही, तुझं पत्र मात्र उशीखाली ठेवते. मला फार भीती वाटते गं.

लोभ असू दे.
तुझी,
ताई

ता. २८ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

आई गेल्याला महिना होऊन गेला. तू परत गेलीस, त्यानंतर मी टेस्ट दिली आणि पास झाले. का दिली, ते विचारू नकोस. लायसन्स काल पोस्टाने आलं. दहा वर्षांचं आहे.

परवा कपाट आवरताना एक्स-रेचं पाकीट उघडलं. आत नोटीस होती आणि तिच्याखाली तुझं तीन ओळींचं पत्र. ताईला सांगणार नाही, असं तू आईला लिहिलेलं. मग गाडीवाल्याकडे गेले. तो रडायलाच लागला. आईच आदल्या दिवशी फोन करून येऊ नका म्हणायची, आणि मला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. मी त्याला चोर म्हणाले होते.

आईवर रागावता येत नाही. तुझ्यावर येतं. तुम्ही दोघींनी मिळून मला मोकळं केलंत, पण मला मोकळं व्हायचं आहे का, हे एकीनेही विचारलं नाही. तू एका ओळीने कळवलं असतंस, तर मी तिच्याशी भांडले असते, रडले असते, कदाचित शेवटी ऐकलंही असतं. पण तिचे अखेरचे दिवस मैदानावर खांबांमधून गाडी मागे घेत घालवले नसते. तिच्याजवळ बसले असते.

आज सवयीने साडेपाचला गाडी काढली. दवाखान्याच्या फाटकावर रखवालदाराने सलाम केला, मागच्या सीटकडे पाहिलं आणि फाटक उघडायचं विसरला. मी तिथूनच गाडी मागे घेतली. कुठेही लागली नाही.

लोभ आहेच. उत्तर इतक्यात पाठवू नकोस.
तुझी,
ताई